परदेश प्रवासातील पोशाख : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराच्या काही रात्री. एरवी वर्षभर सुती कपडे आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढे गेलेला पारा. अशा गावातून शिकागोच्या जानेवारीत किंवा आल्प्सच्या बर्फात जाणारा माणूस कपड्यांचा अंदाज बहुधा दोन्ही बाजूंनी चुकवतो. बॅगेत नको तितके कपडे भरतो आणि नेमके जे हवे ते घरी ठेवून जातो. नातलग, शेजारी आणि ओळखीतल्या मंडळींच्या बॅगा भरताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मुलाकडे डिसेंबरमध्ये अमेरिकेला जात आहोत. स्वेटर, कोट, बूट सगळे सोलापुरातूनच घेऊन जावे का?

नाही. अंगाला लागून राहणारे कपडे येथून न्यावेत आणि वारा-बर्फ अडवणारे कपडे तेथे घ्यावेत, असा साधा हिशेब ठेवावा. सुती आतले कपडे, पायजमे, सलवार-कमीज, सदरे येथे चांगले आणि स्वस्त मिळतात, शिवाय मापाने शिवूनही मिळतात. जाड कोट आणि बर्फातले बूट मात्र येथील बाजारात मिळाले तरी ते पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्याला लागणाऱ्या थंडीच्या हिशेबाने केलेले असतात; उणे दहा अंशांत त्यांचा उपयोग होत नाही. मी स्वतः एकदा एका दुकानातून ‘थर्मल’ म्हणून घेतलेला जोड परदेशात पहिल्याच सकाळी कुचकामी ठरला, कारण तो अस्तर लावलेला साधा पॉलिस्टरचा बनियन निघाला. अमेरिकेत नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतर आणि पुन्हा जानेवारीत हिवाळी कपड्यांवर मोठी सूट मिळते. त्याशिवाय तेथे काही वर्षे राहिलेल्या प्रत्येक घरात एक-दोन जादा कोट असतातच, तेव्हा आपली मापे मुलाला आधी कळवून ठेवावीत.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. विमानतळाच्या दारापासून मुलाच्या गाडीपर्यंतची दहा मिनिटे विसरू नयेत. त्यासाठी एक लोकरी स्वेटर, कानटोपी, हातमोजे आणि बंद बूट एवढे हातातल्या बॅगेतच असावे, कारण मोठी बॅग एखाद्या वेळी दुसऱ्या विमानाने येते.

प्रश्न : थरांवर थर घाला असे सगळे सांगतात. म्हणजे नेमके काय?

चादरींच्या गावात हे समजावून सांगणे सोपे आहे. एक जाड चादर घेण्यापेक्षा दोन पातळ चादरी एकावर एक घेतल्या, तर ऊब अधिक मिळते, कारण त्या दोहोंच्या मध्ये हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कपड्यांचेही तसेच आहे. सर्वांत आतला थर अंगाला लागून असतो आणि त्याचे काम घाम टिपून बाहेर टाकण्याचे. मधला थर लोकरीचा किंवा फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा), ऊब धरून ठेवण्यासाठी. आणि बाहेरचा थर वारा व पाणी अडवण्यासाठी. घरात, दुकानात, बसमध्ये शिरल्यावर बाहेरचा थर काढता आला पाहिजे, कारण थंड देशांतल्या इमारती आतून चांगल्याच तापवलेल्या असतात आणि एकच जाडजूड कपडा घातलेल्या माणसाला तेथे घाम फुटतो.

येथेच आपल्या लाडक्या सुताची अडचण होते. सुती बनियन घाम शोषतो आणि ओलाच राहतो. सोलापूरच्या उन्हात तो ओलावा सुखद असतो, बर्फात मात्र तोच अंग गारठवतो. म्हणून कडक थंडीत सर्वांत आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देत राहते. ज्यांना ती टोचते त्यांनी ‘मेरिनो’ असे लिहिलेली बारीक धाग्याची लोकर पाहावी. तिचा एकच जोड घेतला तरी पुरतो, कारण तिला वास लवकर लागत नाही.

बाहेरच्या थराचे महत्त्व आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याकडचा वारा उष्ण असतो. शून्य अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे उणे ६ अंश असल्यासारखे वाटते. उणे १० अंशांत तोच वारा सुमारे उणे २० अंशांचा भास देतो. नुसत्या हातविणीच्या स्वेटरमधून असा वारा आरपार जातो. स्वेटर कितीही जाड असला तरी त्यावर वारा न शिरणारे जाकीट हवेच.

प्रश्न : मुलगी फोनवर म्हणते, “आज पन्नास आहे, स्वेटर घ्या.” पन्नास म्हणजे काय?

अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. ३२ म्हणजे आपले शून्य, ५० म्हणजे १०, ६८ म्हणजे २०, ८६ म्हणजे ३० आणि १०४ म्हणजे ४० अंश सेल्सिअस. ५० असताना स्वेटर आणि पातळ जाकीट हवे; ३२ च्या खाली तिन्ही थर, टोपी आणि हातमोजे. हे पाच आकडे एका कागदावर लिहून तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा.

प्रश्न : आईने आयुष्यभर साडीच नेसली आहे, तीही बऱ्याचदा नऊवारी. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती सहा महिने परदेशी जाणार आहे. तिला या वयात ड्रेस घालायला लावावा का?

लावू नये. ज्या माणसाला स्वतःच्या पोशाखात अवघडल्यासारखे वाटते तो घराबाहेरच पडत नाही, आणि परदेशात घरात कोंडून घेतलेल्या आयांच्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. साडी कडाक्याच्या थंडीतही नेसता येते, फक्त तिच्या आतली आणि वरची व्यवस्था बदलावी लागते. परकराखाली लोकरी किंवा आतून फ्लीस असलेले लेगिंग घालावे. पोलके पूर्ण बाह्यांचे, कमरेपर्यंत लांब असे येथेच शिवून घ्यावे. थंडीच्या दिवसांसाठी दोन पुरतात. पदर पुढून घेऊन कमरेला खोचावा आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट घालावा, म्हणजे वाऱ्याने पदर उडत नाही. साडी घोट्याच्या थोडी वरच नेसावी, कारण बर्फ वितळलेल्या चिखलात काठ भिजला की दिवसभर ओले कापड पायाला लागत राहते. या एका बाबतीत नऊवारी पाचवारीपेक्षा सरस ठरते; तिच्यात पाय मोकळे राहतात आणि खालचा घेरही नसतो.

सरकत्या जिन्यावर मात्र कोणतीही साडी सांभाळावी लागते. निऱ्या आणि पदराचे टोक हातात धरून, पायरीच्या कडेपासून दूर उभे राहावे, आणि शक्य तेथे लिफ्टच वापरावी.

दुसरी गोष्ट कोरड्या हवेची. तापवलेल्या घरातील हवा इतकी कोरडी असते की नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या अंगाला चिकटतात व दाराच्या मुठीला हात लावताच झिणझिणी बसते. घरात वापरायला सुती साड्याच न्याव्यात. टाचांना आणि ओठांना लावायला पेट्रोलियम जेली ठेवावी. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठते, तेव्हा ते रुंद तोंडाच्या डबीत भरून न्यावे.

आणि चपला. आईला बंद बुटांची सवय नसेल तर जाण्याआधी महिनाभर रोज सकाळी बूट-मोजे घालून तिला फिरवून आणावे. बर्फावर पाय घसरून पडणे हा वयस्कर प्रवाशांचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो कपड्यांनी नव्हे, बुटांच्या तळव्याने टळतो. तळवा रबराचा, खोल खाचांचा असावा. बूट जाड मोज्यासह घालून पाहूनच घ्यावेत. बहुधा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. आपल्याकडचे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुरुषांचा आपला ७ नंबर अमेरिकेत साधारण ८ आणि युरोपात ४१ च्या आसपास येतो.

प्रश्न : मुलांच्या उन्हाळी सुट्टीत स्वित्झर्लंडला जाणार आहोत. मे-जूनमध्ये तेथेही उन्हाळाच असेल ना?

खाली गावात, होय. पण आपण बर्फ पाहायला जातो ते उंचावर, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. खालचे इंटरलाकेन गाव सुमारे ५६६ मीटर उंचीवर आहे आणि वर बर्फातले युंगफ्राउयोखचे रेल्वेस्थानक ३,४५४ मीटरवर. म्हणजे खाली सुखाचे २२ अंश असतील त्याच दुपारी वर जेमतेम ३ अंश असू शकतात, वर वारा वेगळाच. सकाळी हॉटेलातून टी-शर्टवर निघालेली मुले वर पोहोचल्यावर कुडकुडतात आणि दहा मिनिटांत आत पळतात. एवढे महागडे तिकीट काढून हे होऊ नये. पाठीवरच्या पिशवीत प्रत्येकाचे जाकीट, टोपी आणि हातमोजे सकाळीच भरावेत. काळा चष्मा आणि सनस्क्रीनही लागते, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि थंडीत चेहरा भाजल्याचे संध्याकाळीच कळते.

नेपाळमध्ये मुक्तिनाथला जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. ते ठिकाण सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. पशुपतिनाथाच्या मंदिरात चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, म्हणून त्या दिवशी पट्टा आणि पाकीट कापडाचे असावे.

प्रश्न : ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी काय?

ऋतू उलटे. आपल्या दिवाळीनंतर तेथे उन्हाळा सुरू होतो आणि जुलैमध्ये हिवाळा असतो. मेलबर्नची हवा एका दिवसात चार ऋतू दाखवते असे तेथील लोकच म्हणतात, तेव्हा डिसेंबरमध्येही एक जाकीट सोबत असू द्यावे. बुटांचे तळवे मात्र निघण्यापूर्वी घासून धुवावेत. शेतात वापरलेल्या बुटांच्या खाचांत आपली काळी माती वर्षानुवर्षे घर करून बसते, आणि हे दोन्ही देश परकी माती, बिया व कीड यांबाबत अत्यंत कडक आहेत. शेतात किंवा रानात वापरलेले बूट असतील तर त्या देशात शिरताना भरायच्या प्रवेशपत्रावर तसे लिहावे. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेली जोखमीची वस्तू सापडल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

प्रश्न : दुबईच्या उन्हाळ्याची आम्हाला काय भीती? आम्ही सोलापूरचे.

ही गोष्ट मी अनेकांकडून ऐकली आहे आणि परत आल्यावर ती कोणी पुन्हा म्हणत नाही. सोलापूरची उष्णता कोरडी असते, त्यामुळे घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. दुबई-अबूधाबी समुद्रकाठी आहेत. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशीच्या पुढचे तापमान आणि दमट हवा एकत्र येतात, घाम वाळतच नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. सैल, फिक्या रंगाचे, पातळ सुती किंवा लिननचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. त्याच वेळी मॉलमध्ये आणि मेट्रोत वातानुकूलन इतके असते की शाल लागते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ मात्र आल्हाददायक असतो.

आदराच्या दृष्टीने सांगायचे तर सार्वजनिक ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, अशी तेथील अपेक्षा आहे आणि मॉलच्या दारावर तशा सूचनाही असतात. रमजानमध्ये अधिक काळजी घ्यावी. अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीत स्त्रियांना डोके, हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावे लागतात, पुरुषांना पूर्ण लांबीची पँट लागते. साडी नेसून गेल्यास पोट आणि पाठ दिसू नये याची व्यवस्था करावी लागते, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी हाच तेथे सर्वांत सुटसुटीत पोशाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या तेथील हिंदू मंदिरातही मानेपासून कोपरापर्यंत आणि घोट्यापर्यंत अंग झाकलेले असावे, असा नियम आहे. मंदिर आपले आहे म्हणून हाफ पँट चालेल, असे समजू नये.

सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला तेव्हा परदेशी स्त्रियांना अबायाची (कपड्यांवरून घालायच्या अंगभर झग्याची) सक्ती नसल्याचे जाहीर केले. अंगभर सैल कपडे मात्र अपेक्षित आहेत. इराणमध्ये डोक्यावर रुमाल कायद्याने आवश्यक आहे.

प्रश्न : उमराह-हजला जाणाऱ्यांनी एहरामचे कापड कसले घ्यावे?

पुरुषांचा एहराम म्हणजे दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे. सोलापुरात टॉवेलचे जाड कापड हाताशी असल्याने बरेच जण तेच घेतात. हिवाळ्यात ते ठीक आहे. पण हजची तारीख दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे येते आणि सध्या ती उन्हाच्या दिवसांत पडते. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या पुढे गेला होता आणि उष्णतेने एक हजाराहून अधिक यात्रेकरू दगावले. अशा काळात पातळ सुती विणीचे कापड घ्यावे, ते घामाने जड होत नाही. एहराममध्ये पुरुषांना टोपी चालत नाही, पण छत्री चालते; फिक्या रंगाची छत्री येथूनच न्यावी. दोन्ही वस्त्रे नेसून घरी चालण्याचा सराव करावा, आणि मांड्या घासून सोलवटणाऱ्यांनी बिनवासाचे मलम जवळ ठेवावे.

प्रश्न : थायलंड, श्रीलंका, बाली येथील मंदिरांत आपले कपडे चालतात का?

आपल्या बायकांचे चालतात, आपल्या पुरुषांचे चालत नाहीत. हे थोडे कठोर वाटेल, पण परदेशातील देवळांच्या आणि चर्चच्या दारात अडवले जातात ते बहुधा बर्म्युडा घातलेले आपले काका आणि त्यांची मुले. साडीतली किंवा कुर्त्यातली काकू आरामात आत जाते. सहलीला निघताना पुरुषांना अर्धी चड्डी म्हणजेच मोकळेपणा का वाटतो, हे मला अजून उलगडलेले नाही. पातळ सुती लांब पँट उन्हात अर्ध्या चड्डीपेक्षा थंड राहते, कारण पोटऱ्यांवर ऊन पडत नाही.

बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात अर्धी पँट, बिनबाह्यांचे किंवा पारदर्शक कपडे, फाटक्या जीन्स चालत नाहीत. कंबोडियातील अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या भागात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आणि बिनबाह्यांच्या कपड्यावर नुसती ओढणी टाकलेली तेथे पुरत नाही. बालीतील मंदिरांत कमरेला सरोंग आणि त्यावर पट्टा बांधावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो दारातच मिळतो, आणि लुंगी नेसणाऱ्याला तो बांधायला शिकवावे लागत नाही. श्रीलंकेत कँडी येथील, बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिरात स्थानिक लोक बहुधा पांढऱ्या कपड्यांत येतात; आपणही फिके कपडे घातले तर बरे दिसते. म्यानमारच्या पॅगोडांत मोजेसुद्धा काढावे लागतात. बुद्धाचे चित्र असलेला टी-शर्ट श्रीलंकेत घालू नये आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. आपण तो श्रद्धेने घातला असला तरी तेथे तो अवमान समजला जातो.

प्रश्न : युरोपातील चर्चसाठी काही वेगळे नियम आहेत का? बाबा नेहमी पांढरी टोपी घालतात.

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मग बाहेर कितीही ऊन असो. बाबांना एवढेच सांगावे की चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढणे हा आदर, तर ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये आणि गुरुद्वारात डोके झाकणे हा आदर. टोपी खिशात बसणारी असल्याने गांधी टोपीवाल्यांचे दोन्हीकडे भागते. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत पादत्राणे काढावी लागतात आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते.

प्रश्न : मी गाडीवर नेहमी स्कार्फने तोंड बांधते. युरोपात चालेल का?

आपल्या मुली उन्हापासून आणि धुळीपासून बचावासाठी डोळे सोडून सगळा चेहरा बांधतात, त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. फ्रान्समध्ये मात्र सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास एप्रिल २०११ पासून कायद्याने मनाई आहे आणि १५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये देशभर अशी बंदी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तेथे थंडी, आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी सूट आहे. केस आणि मान झाकणारा स्कार्फ रस्त्यावर कोठेही चालतो. उन्हासाठी रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन वापरावे, स्कार्फ गळ्यात ठेवावा.

प्रश्न : कुंकू, मंगळसूत्र, ॐ किंवा स्वस्तिक असलेले कपडे घालण्यात अडचण आहे का?

कुंकू, टिकली, मंगळसूत्र, जानवे, माळ यांबद्दल कोठेही संकोच बाळगण्याचे कारण नाही. फार तर कोणी कुतूहलाने विचारेल. सोन्याचा प्रश्न वेगळा आहे. पॅरिस, रोम, बार्सिलोना येथे खिसेकापूंचा सुळसुळाट आहे, म्हणून काळ्या मण्यांची साधी पोत घालून जड दागिने घरीच ठेवावेत.

स्वस्तिकाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. ते आपल्या दारावर, वहीवर, लग्नपत्रिकेवर असते आणि मंगल असते. पण जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनास दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार मनाई आहे. आपल्या धार्मिक स्वस्तिकावर त्या कायद्याचा रोख नसला तरी रस्त्यावरचा माणूस दोहोंतला फरक जाणत नाही, आणि ज्याच्या घरातली माणसे त्या चिन्हाखाली मारली गेली त्याला आपण भर चौकात तो समजावून सांगू शकत नाही. युरोपात, अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये स्वस्तिक छापलेली शाल, झब्बा किंवा पिशवी नेऊ नये. जपानमध्ये गोष्ट उलटी आहे. तेथील नकाशांवर तशीच खूण बौद्ध मंदिर दाखवते.

मुलांच्या कपड्यांतली एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. सैनिकी नक्षीचे हिरवे-तपकिरी कपडे बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशांत नागरिकांना घालता येत नाहीत, लहान मुलांनाही नाही. क्रिकेट पाहायला वेस्ट इंडिजला जाणाऱ्यांनी ते घरी ठेवावेत.

प्रश्न : जपानला जाताना कपड्यांपेक्षा मोज्यांची काळजी घ्या असे कोणी म्हणाले. खरे का?

अगदी खरे. घर, मंदिर, पारंपरिक हॉटेल, काही खानावळी अशा ठिकाणी बूट काढावे लागतात, तेव्हा भोक पडलेला मोजा लपत नाही. लेस बांधण्याऐवजी पटकन निघणारे बूट न्यावेत. आत घालायला सपाता देतात, पण तातामीच्या चटईवर त्याही काढायच्या, आणि स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या असतात. त्या घालून परत खोलीत येऊ नये. हॉटेलात मिळणारा युकाता (पातळ सुती झगा) घालताना डावी बाजू उजव्या बाजूच्या वर घ्यावी, कारण उलटी पद्धत मृताला वस्त्र नेसवण्याची आहे. मार्चअखेर चेरीचा बहर पाहायला जाणाऱ्यांना टोकियोत स्वेटर-जाकीट लागते, आणि जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो.

प्रश्न : मुलाच्या पदवीदान समारंभाला, किंवा तेथील कोणाच्या लग्नाला, अंत्यविधीला काय घालावे?

पदवीदानाला आपली इरकल किंवा पैठणी नेसून जावे. आईबापांनी आपल्या पोशाखात येणे तेथे सर्वांना आवडते. समारंभ बऱ्याचदा हिरवळीवर असतो, तेथे उंच टाचा रुततात. पाश्चात्त्य लग्नात पाहुण्या स्त्रीने पांढरे नेसू नये, तो मान वधूचा. अंत्यविधीला काळा किंवा गडद साधा पोशाख असतो. आपल्याकडे नेमके उलटे, पांढरे दुःखाचे आणि काळे संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांखाली मिरवायचे, म्हणून ही गल्लत होते. चिनी कुटुंबात मात्र दुःखाचा रंग आपल्यासारखाच पांढरा आहे.

प्रश्न : पोहण्याच्या तलावात कुर्ता किंवा टी-शर्ट घालून उतरता येते का?

बहुतेक ठिकाणी नाही. पोहण्यासाठी केलेल्या कापडाचाच पोशाख लागतो. अंग झाकायचे असेल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्यावा. फ्रान्समधील सार्वजनिक तलावांत पुरुषांची सैल चड्डीही चालत नाही, घट्टच लागते. किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत. बार्सिलोनात उघड्या अंगाने रस्त्यावर फिरण्यास मनाई आहे.

प्रश्न : विमानात काय घालावे?

सोलापूरकराचा प्रवास विमानात बसल्यावर सुरू होत नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर नातलगांकडे आणि मग मध्यरात्रीचे विमान असे धरले तर एकच पोशाख तीस-चाळीस तास अंगावर राहतो. म्हणून सैल, सुती, कमरेला इलॅस्टिकचा आणि गडद रंगाचा पोशाख घालावा. दीर्घ प्रवासात पाय सुजतात, त्यामुळे बूट घट्ट नसावेत. ज्यांना शिरांचा त्रास आहे त्यांनी दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून घालावेत. सुरक्षा तपासणीत पट्टा, जड बांगड्या, धातूची बक्कल यांनी रांग खोळंबते. हातातून न निघणाऱ्या पाटल्या असतील तर तपासनिसाला आधीच दाखवाव्यात. जाड कोट बॅगेत न भरता हातावर घ्यावा, वजन वाचते.

प्रश्न : सोलापुरी चादर आणि टॉवेल सोबत न्यावेत का?

भेट म्हणून अवश्य न्यावेत. स्वतःच्या वापरासाठी मात्र नाही, आणि हे लिहिताना मला थोडे अपराधी वाटते. जॅकार्ड चादर जड आहे. आपला टेरी टॉवेल पाणी उत्तम टिपतो, पण थंड देशात तो दोन दिवस वाळत नाही आणि हॉटेलात टॉवेल मिळतोच. त्याऐवजी एक सुती पंचा घ्यावा; तो तासाभरात वाळतो, उन्हात डोक्यावर येतो, गाडीत उशाला येतो आणि एखाद्या देवळाच्या दारात खांद्यावर घ्यायलाही पुरतो.

प्रश्न : तेथे कपडे धुण्याचे काय?

अमेरिकेत बहुतेक घरांत कपडे यंत्रातच वाळवतात, आणि अनेक वसाहतींत सज्जात दोरी बांधून कपडे टाकू देत नाहीत. त्या वाळवण्याच्या यंत्रात सुती कपडे आटतात आणि लोकरीचा स्वेटर नातवाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. सुती कपडे शिवताना थोडे सैल शिवावेत, आणि कापड शिंप्याकडे देण्याआधी एकदा भिजवून वाळवावे. हातमागाच्या नव्या साड्यांचा रंग जातो, तेव्हा पहिल्या दोन-तीन धुण्या सोलापुरातच, मिठाच्या पाण्यात उरकून घ्याव्यात. जावयाचा पांढरा शर्ट गुलाबी झाल्यावर मग कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही. लोकरीचे कपडे थंड पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, पंच्यात गुंडाळून पाणी काढावे आणि खुर्चीच्या पाठीवर न टांगता सपाट पसरून वाळवावेत.